विश्लेषण : मते तिप्पट, तरी एकही महापौर नाही, जर्मनीत अतिउजव्या ‘एएफडी’ला कुठे अडवले गेले?

जर्मनीतील सर्वाधिक लोकसंख्येच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफेलिया राज्यात १४ सप्टेंबर २०२५ रोजी स्थानिक निवडणुका झाल्या. ‘ऑल्टरनेटिव्ह फॉर जर्मनी’ (एएफडी) या अतिउजव्या पक्षाची मते २०२० मधील ५.१ टक्क्यांवरून थेट १४.५ टक्क्यांवर गेली. तीन मोठ्या शहरांत त्यांचे उमेदवार महापौरपदाच्या दुसऱ्या फेरीत पोहोचले. मात्र २८ सप्टेंबरच्या फेरमतदानात तिघेही मोठ्या फरकाने हरले. मते वाढली, पण सत्ता मिळाली नाही. असे का झाले?

या निवडणुकीला एवढे महत्त्व का?

या राज्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८० लाख आहे. चान्सलर फ्रेडरिक मेर्झ याच राज्यातील. मे २०२५ मध्ये त्यांनी सूत्रे हाती घेतल्यानंतरची ही पहिली मोठी निवडणूक होती. त्यांच्या सीडीयू पक्षाला ३३ टक्के, तर केंद्रातील सत्तेत भागीदार असलेल्या एसपीडीला २२ टक्के मते मिळाली. दोघांची घसरण किरकोळ असली, तरी एसपीडीसाठी या राज्यातल्या स्थानिक निवडणुकांतला हा नीचांक होता.

एएफडीचा जोर आजवर पूर्व जर्मनीत मानला जात असे. जून २०२३ मध्ये पूर्वेतील झोनेबर्ग जिल्ह्यात या पक्षाचा पहिला जिल्हाप्रमुख निवडून आला. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफेलिया हे पश्चिमेकडील औद्योगिक राज्य. तिथे मते तिप्पट होणे म्हणजे हा पक्ष आता ‘पूर्वेचा प्रश्न’ राहिलेला नाही.

अर्थात, फेब्रुवारी २०२५ च्या संसदीय निवडणुकीत एएफडीला याच राज्यात १६.८ टक्के मते होती. म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या तुलनेत उडी मोठी असली, तरी सात महिन्यांपूर्वीच्या तुलनेत ती थोडी खालीच आहे.

एएफडीला मते कुठे मिळाली?

सर्वाधिक चर्चा झाली ती गेल्सेनकिर्शेनची. कोळसा आणि पोलादावर उभे राहिलेले हे रुर खोऱ्यातील शहर. एकेकाळी लोकसंख्या जवळपास चार लाख होती. आज ती पावणेतीन लाखांच्या आसपास आहे. खाणी बंद झाल्या, कारखाने गेले. बेरोजगारी १५ टक्क्यांच्या घरात, म्हणजे देशाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक. रिकाम्या, मोडकळीस आलेल्या इमारती आणि रोमानिया-बल्गेरियातून आलेले गरीब स्थलांतरित हे इथल्या प्रचाराचे मुख्य मुद्दे होते.

हा अनेक दशके एसपीडीचा बालेकिल्ला. या वेळी शहराच्या परिषदेत एसपीडी आणि एएफडी जवळपास बरोबरीत आले. दोघांनाही सुमारे ३० टक्के मते.

मग महापौरपद का मिळाले नाही?

कारण परिषद आणि महापौर यांच्या निवडणुकीचे नियम वेगळे आहेत.

परिषदेच्या जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. ३० टक्के मते, तर साधारण ३० टक्के जागा. महापौर मात्र थेट जनतेतून निवडला जातो आणि त्याला निम्म्याहून अधिक मते लागतात. तेवढी कोणालाच न मिळाल्यास दोन आठवड्यांनी पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते.

गेल्सेनकिर्शेनमध्ये पहिल्या फेरीत एसपीडीच्या आंद्रेआ हेन्झे यांना ३७ टक्के आणि एएफडीचे नॉर्बर्ट एमेरिश यांना सुमारे ३० टक्के मते होती. दुसऱ्या फेरीत हेन्झे ६७ टक्क्यांवर गेल्या, एमेरिश ३३ वरच थांबले. एकीकडे ३० टक्क्यांची भर, दुसरीकडे जेमतेम तीन. डुइसबर्गमध्ये एसपीडीचे उमेदवार ७९ टक्के, तर हागेनमध्ये सीडीयूचे उमेदवार ७२ टक्के मते घेऊन जिंकले. पहिल्या फेरीत एकमेकांविरुद्ध असलेले मतदार दुसऱ्या फेरीत एएफडीविरोधात एकवटले.

ही दुसरी फेरी कायम होती का?

नाही. २००७ मध्ये ती रद्द झाली, २०११ मध्ये परत आली. २०१९ मध्ये सीडीयू-एफडीपी सरकारने ती पुन्हा काढून टाकली. दुसऱ्या फेरीत मतदान घटते, हा तेव्हाचा एक युक्तिवाद होता. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्याच्या घटनात्मक न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली आणि दुसरी फेरी वाचली.

महाराष्ट्रातील वाचकांना हे ओळखीचे वाटेल. आपल्याकडेही सरपंच आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचे की सदस्यांतून, हा नियम सरकारागणिक बदलला. फरक एवढाच, की आपल्याकडे थेट निवडणुकीतही सर्वाधिक मते घेणारा विजयी होतो. ५० टक्क्यांची अट नाही.

दुसरी फेरी नसती तर?

त्याची कल्पना ब्रिटनकडे पाहून येते. १ मे २०२५ रोजी इंग्लंडमधील स्थानिक निवडणुकांत नायजेल फराज यांच्या ‘रिफॉर्म यूके’ने सुमारे १,६४० पैकी ६७७ जागा आणि १० परिषदांची सत्ता मिळवली. या पक्षाला ‘अतिउजवा’ हे विशेषण मान्य नाही. पण स्थलांतरविरोध हा त्याच्याही प्रचाराचा गाभा आहे. ‘बीबीसी’च्या अंदाजानुसार देशभर मतदान झाले असते, तर त्याला ३० टक्के मते मिळाली असती.

म्हणजे गेल्सेनकिर्शेनमधील एएफडीएवढीच. पण इंग्लंडमध्ये आपल्यासारखीच ‘सर्वाधिक मते तो विजयी’ पद्धत आहे. केंटमध्ये ४० टक्क्यांहून कमी मतांवर रिफॉर्मने ८१ पैकी ५७ जागा जिंकल्या. विरोधी मते विभागली गेली, की ३० ते ४० टक्केही पूर्ण सत्तेला पुरतात.

मराठी विद्यार्थी, नोकरदारांचा संबंध काय?

जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय पहिल्या क्रमांकावर आहेत. २०२४-२५ मध्ये ही संख्या सुमारे ५९ हजार होती. जर्मनीच्या स्थानिक निवडणुकीत युरोपीय संघाचे नागरिक मतदान करू शकतात, भारतीय नागरिक नाही. ब्रिटनमध्ये उलट स्थिती आहे. तिथे कायदेशीर वास्तव्य असलेले राष्ट्रकुल देशांचे नागरिक, म्हणजे भारतीयही, मतदार म्हणून नोंदणी करू शकतात. पुण्याहून लंडनला गेलेल्याला मत आहे. डुइसबर्गला गेलेल्याला नाही. मात्र स्थलांतरितांविषयीच्या प्रचाराचा विषय दोघेही आहेत.

धोका टळला का?

महापौरपदापुरता टळला, परिषदांत नाही. तिथे एएफडीचे सदस्य पाच वर्षे बसतील. स्थलांतराचे कायदे परिषदेच्या हातात नसतात. पण निर्वासितांची राहण्याची सोय, बालवाड्या, जलतरण तलाव, सांस्कृतिक संस्थांचे अनुदान हे विषय असतात.

इतर पक्ष एएफडीशी हातमिळवणी करत नाहीत. या अलिखित नियमाला जर्मनीत ‘ब्रँडमाउअर’, म्हणजे आग पसरू न देणारी भिंत म्हणतात. देशाच्या अंतर्गत गुप्तचर यंत्रणेने मे २०२५ मध्ये पक्षाला ‘निश्चित अतिउजवा’ ठरवले. पक्ष न्यायालयात गेल्यावर निकालापर्यंत तो शिक्का स्थगित ठेवण्यात आला. गावपातळीवर ही भिंत पाळणे अवघड आहे. २०२३ मध्ये स्वतः मेर्झ यांनी स्थानिक पातळीवर लवचीकतेचे संकेत दिले होते, आणि पक्षातूनच टीका झाल्यावर माघार घेतली होती.

गेल्सेनकिर्शेनमध्ये आता कसोटी आहे. परिषदेतील जवळपास एक तृतीयांश सदस्य एएफडीचे असतील, तर अर्थसंकल्प मंजूर करायला बाकी पक्षांपैकी अनेकांना एकत्र यावे लागेल. तसे झाले, की ‘हे सगळे एकच’ असा प्रचार करायला एएफडी मोकळी. दुसऱ्या फेरीने इतर पक्षांना पाच वर्षे मिळवून दिली आहेत. बंद पडलेली दुकाने आणि मोडक्या इमारती तशाच राहिल्या, तर पुढच्या वेळी ३३ चे ५० व्हायला किती वेळ लागेल, हा प्रश्न कोणत्याही नियमाने सुटणारा नाही.