सुट्टी सिगारेट कुणी थांबवायची?

पानटपरीवर अख्खं पाकीट मागणारं गिऱ्हाईक कमीच. ‘एक दे’ म्हणायचं, लटकत्या दोरीवर पेटवायची आणि चालू पडायचं, ही रीत. २४ सप्टेंबर २०२० रोजी महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने या रीतीवरच बोट ठेवलं आणि सुट्ट्या सिगारेट-बिड्यांच्या विक्रीला राज्यभर बंदी घातली.

कारण बिनतोड होतं. तंबाखू नियंत्रणाच्या २००३ च्या कायद्यातलं कलम ७ इशाऱ्याशिवाय विक्री करू देत नाही. पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्रासह इशाऱ्याने व्यापलेला असतो, पण एकच सिगारेट हाती आली की तो इशारा टपरीवरच राहतो. शिवाय शाळकरी पोराला पाकीट परवडत नाही, एक सिगारेट सहज परवडते. माझ्या मते बंदीच्या बाजूने हे एक कारणही पुरेसं आहे.

प्रश्न आहे तो बंदी अमलात कशी आणायची याचा. टाळेबंदीतून बाजार जेमतेम सावरत असताना हा हुकूम आला. ज्याच्या धंद्याचा मोठा हिस्सा सुट्ट्या विक्रीवर उभा, त्याला पहिल्याच गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आजही कितीतरी टपऱ्यांवर सुट्टी सिगारेट उघड मिळते, यात नवल नाही.

हाच प्रश्न कॅनडाने दुसऱ्या टोकाकडून सोडवला. प्रत्येक सिगारेटवर इशारा छापायचा, असा नियम करणारा तो जगातला पहिला देश. नियम १ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाला, पण दुकानदाराच्या मागे लगेच कुणी लागलं नाही. किंग साइज सिगारेटींसाठी उत्पादकांना ३० एप्रिल २०२४ पर्यंत मुदत होती, तर किरकोळ विक्रेत्यांना ३१ जुलैपर्यंत. साध्या आकाराच्या सिगारेटी दुकानदार ३० एप्रिल २०२५ पर्यंत जुन्या स्वरूपात विकू शकत होते. आधी कारखाना बदलला, मग दुकान. मधल्या तीन महिन्यांत दुकानदाराचा जुना माल खपला. पुढे ऑस्ट्रेलियानेही सिगारेटवरच इशारा छापायला लावला.

आपल्याकडे मात्र कायद्याचं सगळं ओझं साखळीतल्या सर्वांत दुबळ्या माणसावर. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत विक्री नको, १८ वर्षांखालच्यांना विकू नये, तसा फलक लावावा. हे सगळं योग्यच आहे, आणि लहान मुलाला तंबाखू दिल्यास बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, तीही योग्यच. पण टपरीवाल्याला हे समजावणार कोण? २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सुचवलं होतं की तंबाखू विक्रेत्यांना स्थानिक संस्थेचा परवाना सक्तीचा करा आणि त्या दुकानात गोळ्या-बिस्किटं, चिप्स विकू देऊ नका. परवाना म्हणजे नोंद. नोंद असली की नियम कळवता येतो, मुदत देता येते, आणि त्यानंतरही जुमानलं नाही तर परवाना काढून घेता येतो. नगरपालिकांनी इथूनच सुरुवात करावी. आणि ज्याला तंबाखू सोडून चहा-नाश्त्याकडे वळायचं आहे, त्याला जागेचा परवाना विनाहेलपाटे मिळावा.