दुष्काळनिधींतून विद्यावृत्ति कां?

धान्य व चारा यांसाठीं जमलेल्या द्रव्यांतील कांहीं अंश जलव्यवस्थेचें संशोधन करणाऱ्या तरुणांस विद्यावृत्ति म्हणून कां द्यावा, असा प्रश्न मंडळाच्या कांहीं उदार आश्रयदात्यांनीं केला आहे. प्रश्न रास्त आहे. व्यापारी मनुष्य तो विचारणारच.

उत्तरादाखल एक जुनें उदाहरण देतों. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे म्हैसूर सरकारच्या विद्यावृत्तीवर पुण्यास स्थापत्यशास्त्र शिकले व १८८३ सालीं परीक्षेंत पहिले आले. पुढें १८९९-१९०० च्या दुष्काळाच्या सुमारास नीरा कालव्याचा प्रश्न त्यांच्यापुढें आला. पाटाच्या मुखाजवळचे बागाइतदार उंसास वाटेल तितकें पाणी घेत, त्यांच्या जमिनी चिबड होत, आणि शेवटचीं गांवें कोरडीं राहत. विश्वेश्वरय्यांनीं ब्लॉक पद्धति सुचविली. गांवोगांव ठराविक क्षेत्राचे गट पाडावे, प्रत्येक गटास कांहीं वर्षांची पाण्याची हमी द्यावी, व त्यांत ऊंस आणि इतर पिकें आळीपाळीनें घ्यावीं. हेतु हा कीं, त्याच पाण्यांत अधिक गांवांचा वांटा निघावा. बागाइतदारांनीं प्रथम विरोध केला (आमच्या वाचकांतही कालव्याचे बागाइतदार आहेत, त्यांस याचें नवल वाटणार नाहीं), तथापि पद्धति अमलांत आली. म्हैसूरच्या खजिन्यांतील पैसा असा सोळासतरा वर्षांनीं बारामतीकडील शेतकऱ्याच्या कामीं आला.

धान्य व चारा मंडळ देतच राहील. विद्यावृत्तीसाठीं देणगी पाठविणारांनीं तसें स्पष्ट लिहावें, म्हणजे ती रक्कम धान्याच्या हिशेबांत मिसळणार नाहीं.