खांद्याकडे जाणारे रक्त

माझे वडील हमाली करतात. तीस वर्षे पोती उजव्या खांद्यावरच वाहिली. गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात गार पडू लागला, बोटांना मुंग्या येऊ लागल्या, म्हणून आम्ही मिरजेला गेलो. डॉक्टरांनी मनगटावरची नाडी धरून हात वर व मागे न्यायला सांगितला, तशी नाडी हरवली. मी कला शाखेचा विद्यार्थी. हात उचलल्याने नाडी कशी हरवते, हे मला उमजेना. अखेर शरीरशास्त्राचे पुस्तक मिळवून वाचले.

हृदयातून निघालेली महारोहिणी छातीत कमानीसारखी वळते. डाव्या बाजूच्या मानेची व हाताची रोहिणी या कमानीतून वेगवेगळ्या फुटतात. उजवीकडे मात्र दोघींचे खोड एकच असते, ते पुढे दुभंगते. मानेची रोहिणी कंठमण्याच्या वरच्या कडेपाशी पुन्हा दुभंगते. एक फांदी चेहऱ्याकडे, दुसरी मेंदूकडे. गळ्यावर पकड बसली की तालमीत वस्ताद का ओरडतात, ते हे वाचल्यावर कळले!

हाताकडे जाणारी ती अधोजत्रुक रोहिणी. जत्रुक म्हणजे गळ्याखालचे आडवे हाड. मानेच्या दोन स्नायूंमधून, पहिल्या बरगडीवरून व या हाडाखालून ती काखेत उतरते. वाटेत मेंदूच्या मागच्या भागाला, मानेला व खांद्याला फांद्या देते. बरगडी ओलांडली की तिचे नाव बदलते, काख ओलांडली की पुन्हा बदलते, रक्त तेच. आपल्या पंचगंगेचे उलट आहे, कृष्णेला मिळाली की तिचे नावच संपते.

अडचण आहे ती हाड आणि बरगडी यांमधल्या फटीत. वरून पोत्याचा भार आला की फट अरुंद होते. हाताच्या मज्जातंतूंचा जुडगाही तेथूनच जातो, म्हणून मुंग्या. पण शरीराने सोय ठेवली आहे. खांद्याच्या पसरट हाडाभोवती वरून आणि काखेतून आलेल्या फांद्या एकमेकींना मिळतात. पावसाळ्यात जवळचा रस्ता पाण्याखाली गेला की आपण लांबच्या वाटेने जातो, तसे मुख्य वाट हळूहळू अडली तर रक्त या फांद्यांतून हातात पोचते. मात्र अवजड कामाला ते पुरतेच असे नाही.

डॉक्टर म्हणाले, "खांद्यावर ओझं घेऊ नका."

आबा म्हणाले, "मग काय डोस्क्यावर घिऊ, सायेब?"

आता ते डाव्या खांद्यावर पोती घेतात. रात्री जेवणे झाली की मी त्यांची दोन्ही मनगटे धरून नाडी बघतो.