'राजवाडा' म्हणावे असे हॉटेल

फ्रान्समध्ये पंचतारांकित हॉटेलांच्याही वर एक पायरी आहे: 'पालास', म्हणजे राजवाडा. २०१० साली सुरू झालेला हा सरकारी किताब हॉटेलची जागा, सेवा आणि इतिहास पाहून देतात. १९१० साली उघडलेल्या पॅरिसच्या 'ल्युतेसिया'ला तो २०१९ मध्ये मिळाला.

महायुद्धात जर्मन लष्करी हेरखात्याने हे हॉटेल बळकावले होते. एप्रिल १९४५ पासून मात्र छळछावण्यांतून परतलेली, अस्थिपंजर झालेली हजारो माणसे तिथे उतरली. त्यांना अन्न, अंथरूण, औषध मिळाले. बेपत्तांची छायाचित्रे लावलेल्या फळ्यांपाशी नातलग ताटकळत उभे असत. कित्येकांचे कोणीच परतले नाही.

तिथले भाडे मला परवडणारे नाही. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून वाटते, 'राजवाडा' हे नाव त्या वास्तूने १९४५ सालीच कमावले.