मोठ्या विजयानंतरचे चार दिवस

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दोन कट्टर पेठांचा सामना असला की त्या दुपारी पेठांतली दुकानं अर्ध्या शटरवर येतात. सामना सुरू होण्याच्या कितीतरी आधी गॅलरी भरलेली असते, हलगी-घुमकं वाजत असतं आणि बंदोबस्ताचे पोलीस दोन्ही बाजूंच्या समर्थकांमध्ये उभे असतात. अशाच एका रविवारी, लीगच्या सामन्यात, आमच्या पेठेच्या संघानं जुन्या प्रतिस्पर्ध्याला दोन गोलनी हरवलं. रात्री उशिरापर्यंत तालमीसमोर गुलाल उधळला गेला. पुढचा सामना गुरुवारी होता, गुणतक्त्यात तळाला असलेल्या एका संघाशी. मधल्या दिवसांत संघाची तयारी कशी होते ते जवळून पाहायचं म्हणून प्रशिक्षकांच्या परवानगीनं मी सरावाला जाऊन बसू लागलो. फुटबॉलमधलं सगळ्यांत कष्टाचं काम याच दिवसांत चालतं, हे तिथं बसल्यावर कळलं.

सोमवारी पहाटे मैदानावर सगळे हजर होते, पण चेंडूंची पिशवी बांधलेलीच होती. रविवारी पूर्ण वेळ खेळलेल्या पोरांना सरांनी हळू चालीवर मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या. मग थोडं संथ धावणं, मग बराच वेळ स्ट्रेचिंग. बदली म्हणून बसलेल्या किंवा थोडाच वेळ खेळलेल्या पोरांचा सराव मात्र दुसऱ्या टोकाला पूर्ण जोमानं चालला होता. एकाच संघाचे हे दोन गट का, असं विचारल्यावर सर म्हणाले, “पाय दोन दिवसांनी बोलतात.”

त्यामागे शरीरशास्त्र आहे. पूर्ण सामना खेळताना स्नायूंत साठलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, बरीचशी संपते. ती पुन्हा भरायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, तेही पोटात भात, पोळी, केळी, बटाटा असं पिष्टमय अन्न नीट गेलं तर. वेगानं धावून एकदम थांबताना, वळताना, उडी मारून खाली येताना स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. तिचं दुखणं लगेच जाणवत नाही, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं. म्हणजे रविवारी खेळलेल्या खेळाडूच्या मांड्या मंगळवारी जास्त धरतात. विजयाच्या धुंदीत सोमवारी त्याला एकदम ताजंतवानं वाटतं आणि तेव्हाच त्यानं जोरात शॉट मारायचा ठरवला तर मांडीचा स्नायू ताणला जाऊ शकतो. म्हणूनच सोमवारी चेंडूंची पिशवी सुटली नव्हती.

व्यावसायिक संघात हे सगळं सांभाळायला फिजिओ असतो, आहारतज्ज्ञ असतो, जीपीएसची जॅकेटं असतात. पेठेच्या संघात ही कामं दोन-तीन माणसं वाटून घेतात. संघव्यवस्थापक बर्फाच्या लाद्या फोडून पिशव्या भरत होते. एक जुना खेळाडू घोट्यांना क्रेप बँडेज बांधत होता आणि बांधताना प्रत्येकाला विचारत होता, रात्री झोप किती झाली, पाणी किती प्यालास, जेवलास काय. गुलालाच्या रात्री दोन ठिकाणी मटणाच्या पंगती उठल्या होत्या आणि पोरांना दोन्हीकडे आग्रह झाला होता. झोप मात्र कुणाचीच पूर्ण झालेली नव्हती. व्यवस्थापकांनी तिथंच फोन काढून मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना सांगितलं की गुरुवारपर्यंत खेळाडूंना कुठल्याही सत्काराला बोलवू नका.

व्यवस्थापकांची वही मी पाहिली. एका पानावर कुणाला पिवळं कार्ड मिळालंय ते, कारण लाल कार्ड मिळालेला खेळाडू पुढच्या सामन्याला मुकतो आणि पिवळी साठत गेली तरी बाहेर बसायची वेळ येते. दुसऱ्या पानावर दुखापती. तिसऱ्या पानावर गुरुवारी दुपारी कोण किती वाजता सुटणार याची यादी. या संघातला एक जण एमआयडीसीतल्या फाउंड्रीत पाळीवर जातो, एक जण कुरिअर पोहोचवतो, दोघे-तिघे कॉलेजात आहेत. मोठ्या सामन्याच्या दिवशी सुट्टी मागायची गरजच पडत नाही, कारण साहेबही त्याच पेठेचा निघतो. तळाच्या संघाशी सामना असला की तोच साहेब विचारतो, “यालाही जायलाच पाहिजे काय?” त्यामुळे गुरुवारचे अकरा जण वेळेवर मैदानात उभे करणं हेसुद्धा व्यवस्थापकांना लढून मिळवावं लागतं.

मंगळवारी चेंडू बाहेर आला. पोरांनी रिंगण केलं, मध्ये दोघे उभे राहिले आणि बाहेरच्यांनी एका स्पर्शात पास देत चेंडू फिरवायचा. रविवारी दोन्ही गोलांत पाय असलेला मधल्या फळीतला खेळाडू इथं सारखा चुकत होता. सोपा पास सोडून तो टाचेनं चेंडू मारायला बघत होता. त्याच्या रविवारच्या गोलची चित्रफीत सगळ्या शहराच्या मोबाइलवर फिरत होती आणि ती त्याच्या डोक्यातही फिरत होती. सरांनी त्याला ओरडून थांबवलं नाही. त्याला मध्ये उभं केलं आणि चेंडू मिळेपर्यंत तिथंच ठेवलं. बऱ्याच वेळानं दमून तो बाहेर आला, तेव्हा सर एवढंच म्हणाले, “रविवारी तू साधे पास दिलेस म्हणून जिंकलो, भावा.”

त्या संध्याकाळी तालमीत सगळे बसले आणि सरांनी मँचेस्टरची गोष्ट सांगितली. ३० एप्रिल २०१२ रोजी मँचेस्टर सिटीनं आपल्याच शहरातल्या मँचेस्टर युनायटेडला कोम्पनी या खेळाडूच्या हेडरवर १-० हरवलं आणि गुणतक्त्यात पहिला नंबर घेतला. शहराला वाटलं, विजेतेपद आलं. पण दोन सामने उरले होते. ६ मे रोजी न्यूकॅसलच्या मैदानावर सिटीला सत्तराव्या मिनिटापर्यंत गोल मिळाला नाही, मग याया टूरेनं दोन केले. १३ मे रोजी शेवटचा सामना होता तळाशी धडपडणाऱ्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी. त्या संघाचा एक खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेला, तरी दहा जणांनी २-१ अशी आघाडी घेतली. नियमित वेळ संपली तेव्हा विजेतेपद युनायटेडच्या हातात होतं. भरपाईच्या वेळेत आधी झेको आणि मग अग्वेरोनं गोल केला म्हणून सिटी वाचली. दोन्ही संघांचे गुण सारखे, ८९, आणि गोलफरकावर निकाल लागला. “युनायटेडला हरवणारा संघ,” सर म्हणाले, “दहा जणांपुढं गुडघ्यावर आला होता. आपली तर अजून निम्मी लीग बाकी आहे.”

गुणांचा हिशेबही हेच सांगतो. विजयाला दोनऐवजी तीन गुण देण्याची पद्धत इंग्लंडच्या लीगनं १९८१ मध्ये सुरू केली, विश्वचषकात ती १९९४ पासून आली. या पद्धतीत बरोबरी फार महाग पडते. जिंकता येणारा सामना बरोबरीत सुटला तर हातातले दोन गुण जातात. सोळा संघांच्या लीगमध्ये मोठ्या संघांचे आपापसांतले निकाल बहुधा इकडेतिकडे होतात आणि शेवटी फरक पडतो तो तळाच्या संघांशी कोण किती वेळा अडकलं यावर. गुरुवारच्या सामन्याची किंमत रविवारच्या सामन्याएवढीच होती, फक्त ती बघायला गॅलरी भरणार नव्हती.

बुधवारचा सराव मला सगळ्यांत मोलाचा वाटला. मोठा प्रतिस्पर्धी समोर असला की तो जिंकायला पुढं येतो, त्याच्या बचावफळीमागं मोकळी जागा सुटते आणि आपला वेगवान खेळाडू तिथं धावतो. रविवारचे गोल तसेच झाले होते. तळाचा संघ एक गुण मिळाला तरी खूश असतो. तो नऊ-दहा माणसं स्वतःच्या डीच्या तोंडाशी उभी करतो आणि मागं धावायला जागाच उरत नाही. म्हणजे ज्या खेळानं रविवार जिंकला, त्या खेळानं गुरुवार जिंकता येत नाही.

सरांनी अर्ध्या मैदानात दहा जणांची भिंत उभी केली आणि मुख्य संघाला ती फोडायला सांगितलं. सुरुवातीला सगळे मधूनच घुसत होते आणि चेंडू गमावत होते. मग शिट्टी वाजवून एकेकाची जागा बदलली. दोन्ही बाजूंच्या खेळाडूंना थेट रेषेवर उभं केलं, म्हणजे भिंत रुंद होते. चेंडू डावीकडून उजवीकडं झटपट फिरवायचा, म्हणजे भिंतीला सरकावं लागतं आणि सरकताना फट पडते. त्या फटीत मधल्या फळीतल्या एकानं उशिरा धावत यायचं. हे पुन्हा पुन्हा, अंधार पडेपर्यंत चाललं. शेवटी कॉर्नर आणि फ्री किक झाल्या, कारण असे चिवट सामने पुष्कळदा थांबलेल्या चेंडूवरच सुटतात. बचावातल्या दोघांना वेगळी ताकीद होती: आपले सगळे पुढं गेले असताना त्यांच्या एकट्या आघाडीवाल्याला मोकळं सोडायचं नाही.

या शहरात ही शिस्त नवी नाही. इथल्या अनेक फुटबॉल संघांच्या नावात आजही ‘तालीम मंडळ’ आहे, कारण कुस्तीच्या तालमींतूनच ते उभे राहिले. ज्या राजर्षी शाहूंच्या आश्रयानं कोल्हापुरात कुस्ती वाढली आणि १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं, त्या काळापासून इथल्या वस्तादांना ठाऊक आहे की मोठी कुस्ती मारलेला मल्लही नंतर पुन्हा मेहनतीलाच लागतो. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या पातळीवर पोहोचणाऱ्या पोराला गॅलरीतल्या आरोळ्यांचं बळ एखाद्या दुपारपुरतं मिळतं, उरलेला प्रवास तो अशा बुधवारच्या संध्याकाळी करतो.

हा लेख गुरुवारच्या सकाळी लिहितो आहे, सामना दुपारी आहे. निकाल काहीही लागो, या पोरांनी आणि त्यांच्या मागं उभ्या असलेल्या माणसांनी जिंकायला लागतं ते सगळं केलं आहे. उरलेलं पेठेकडं आहे. मोठ्या सामन्यानंतर पोरांना झोपू द्या, सत्कार हंगाम संपल्यावर करा, आणि आपली ईर्ष्या गॅलरीच्या बाहेर रस्त्यावर नेऊ नका, कारण समर्थकांच्या भांडणाची शिक्षा शेवटी खेळाडूंनाच भोगावी लागते. आणि ज्या उत्साहानं रविवारी आलात त्याच उत्साहानं आज या. आजही तीनच गुण आहेत, आणि ते तेवढेच लागणार आहेत.