गोड्या पाण्यातील पाकटाचे पिल्लू निवडताना

कोकणकिनाऱ्यावरील माणसाला पाकट ठाऊक असते ते समुद्रातले. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन, ओरिनोको व पाराना या नद्यांत मात्र गोड्या पाण्यातच जन्मणारी पाकटे आहेत. त्यांपैकी नारिंगी ठिपक्यांचे ‘मोटोरो’ अमेरिकेतील हौशी मत्स्यपालकांत विशेष लोकप्रिय आहे.

प्रथम कायदा पाहावा. कॅलिफोर्निया, टेक्सास व फ्लोरिडा या राज्यांत ते घरी पाळण्यास मनाई आहे.

निवड करताना विक्रेत्यास आपल्यासमोर खाद्य घालावयास सांगावे. निरोगी पिल्लू लगेच वाळू चाळत खाद्याकडे येते. शेपटीच्या मुळाशी कटीची हाडे उठून दिसत असल्यास ते उपाशी आहे असे समजावे. अशी पिल्ले सहसा सावरत नाहीत. चकतीसारख्या शरीराची कड सतत वर वळलेली असणे, हे तर गंभीर आजाराचे लक्षण होय.

तळहाताएवढे पिल्लू काही वर्षांत दीड फूट रुंद होते. म्हणून टाकीच्या उंचीपेक्षा तळाची जागा महत्त्वाची. प्रौढ पाकटासाठी निदान ८ फूट लांबी व ३ फूट रुंदी असावी. तळाशी बारीक वाळू, हीटरभोवती जाळी आणि अमोनियामुक्त पाणी अनिवार्य आहे.

शेपटीचा काटा पिल्लालाही असतो आणि तो विषारी असतो. दंश झाल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून त्वरित डॉक्टरांकडे जावे.

एवढी जागा देणे शक्य नसेल, तर पिल्लू न आणणेच श्रेयस्कर. वाढलेले पाकट जलाशयात सोडणे हा उपाय नव्हे; सिंगापूरच्या जलाशयांत मोटोरोची परकी वस्ती रुजली, ती अशाच सोडलेल्या माशांतून.