‘मॉर्मन’ हे नाव कुठून आले?

मॉर्मन हे मुळात एका माणसाचे नाव. मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील पालमायरा येथे ‘बुक ऑफ मॉर्मन’ प्रसिद्ध केले. त्यातील कथेनुसार प्राचीन अमेरिकेतील मॉर्मन या प्रेषिताने आपल्या लोकांचा इतिहास सोन्याच्या पत्र्यांवर संक्षेपाने कोरला. त्याचा मुलगा मोरोनी याने तो पुरा करून जमिनीत पुरला. त्याच पत्र्यांचे आपण भाषांतर केले, असे स्मिथ सांगत.

बायबलबरोबर हा ग्रंथही पवित्र मानणाऱ्यांना विरोधक ‘मॉर्मन’ म्हणून हिणवू लागले. पुढे अनुयायांनीही ते नाव आपलेसे केले. 1844 मध्ये इलिनॉयमधील कार्थेजच्या तुरुंगात जमावाने स्मिथ यांना ठार केले. 1847 मध्ये ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली हे लोक सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले.

त्यांच्या चर्चचे अधिकृत नाव मात्र ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. टोपणनावामुळे येशूचे नाव झाकले जाते, म्हणून ते टाळा, असे आवाहन चर्चचे तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी 2018 मध्ये केले. तेव्हा ‘मॉर्मन टॅबरनॅकल क्वायर’ या प्रख्यात गायकवृंदाचेही नाव बदलले. एखाद्या समाजाला त्याने स्वतः निवडलेल्या नावानेच ओळखावे, हे योग्यच.

ग्रंथाचे नाव मात्र ‘बुक ऑफ मॉर्मन’ असेच आहे.